निरंक रकाना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात एका ग्रामपंचायतीत मी आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्यासाठी बसले होते. ग्रामसेवक यायचे होते, पंखा बंद होता आणि टेबलाच्या कोपऱ्यावर, जन्ममृत्यूच्या नोंदवहीखाली, जवळच्या प्रस्तावित कोळसा खाणीच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश दबून पडला होता. जनसुनावणीच्या आधी असा सारांश लोकांना पाहता यावा म्हणून गावात ठेवावा लागतो, आणि तो ठेवला गेलाही होता. कोणी उघडून पाहिल्याची खूण मात्र त्याच्या घडीवर दिसत नव्हती. मी सवयीने जीवसृष्टीचे पान काढले. झाडांची यादी होती, पक्ष्यांची होती, नीलगाय, रानडुक्कर आणि ससा होते, आणि त्याखाली ‘संकटग्रस्त व दुर्मीळ प्रजाती’ या रकान्यासमोर ‘निरंक’ असे छापलेले होते. शेजारच्या बाकावर सातबारा हातात धरून बसलेले एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे पाहत होते. “काय लिवलं हाये जी त्याच्यात?” त्यांनी विचारले. मी वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “हूम बी नाही का?” आमच्याकडे माळढोकाला हूम म्हणतात. तुम्ही पाहिला आहे का, असे मी विचारले. “पाह्यला ना बाई. ज्वारी राहे तवा आमच्या वावरात धुऱ्यावर लय येळ उभा राहे. मंग सोयाबीन आलं, तं कमी झाला. पन मागच्या काही सालात बी एकखेप दिसला.” सर्वेक्षणाला आलेल्या लोकांना हे सांगितले नाही का, या प्रश्नावर त्यांनी सातबाऱ्याची घडी घातली. “इचारलंच नाही ना कोनं.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या दिवशीचे ऊन, कार्यालयातला जुन्या कागदांचा कुबट वास, त्यांच्या धोतराला लागलेली काळी माती, हे सगळे हळूहळू विसरले जाईल. ते एक वाक्य मात्र माझ्या मागे लागले. याचे एक कारण असे की तसल्या अहवालांच्या कामावर मी स्वतः गेलेले आहे. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला या जिल्ह्यात अशी कामे अधूनमधून मिळतात. सर्वेक्षणाच्या गाडीत बसणारी मुले मला ठाऊक आहेत. ती लबाड नसतात. पहाटे साडेचारला उठतात, एप्रिलच्या उन्हात पायवाटांवरून ठरलेल्या रेषेत चालतात, विष्ठेचे नमुने प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तारीख लिहितात आणि रात्री लॉजच्या मिणमिणत्या दिव्याखाली पक्ष्यांची शास्त्रीय नावे तपासत बसतात. इतके करूनही रकाना निरंक राहतो.

माझे बालपण कोळशाच्या वसाहतीत गेले. वडील भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरच्या कामाची देखरेख करणारे, होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई डबा हातात द्यायची, आणि ते घरी परतले की आधी मोरीत पाण्याचा आवाज यायचा, मग काळ्या पाण्याचा ओघळ अंगणातून वाहायचा. दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर आमच्याकडे कधीच पांढरी राहिली नाही. माझे शिक्षण, घराचे छप्पर, वडिलांचे निवृत्तिवेतन, हे सारे त्या काळ्या दगडातून आलेले आहे, आणि हा लेख ज्या विजेवर लिहिते आहे तीही बहुधा तिथूनच येते. त्यामुळे खाण म्हटली की माझ्या मनात सरळ राग उभा राहत नाही. जो राहतो त्यात कृतज्ञता मिसळलेली असते, आणि ती मला कधी कधी गैरसोयीची वाटते. भूमिगत खाणीच्या वर त्या काळी झाडे उभी असत. वडील सांगायचे की बंद पडलेल्या एका इनक्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याच्या, तोंडाशी संध्याकाळी वटवाघळांचा इतका मोठा लोंढा बाहेर पडे की पाळीवर जाणारे लोक थांबून पाहत. पुढे उघड्या खाणी वाढल्या. उघड्या खाणीत कोळशावर असलेले सगळेच काढावे लागते: झाडे, शेत, माती, नाला, आणि त्यांच्याबरोबर त्यांत राहणारे जे कोणी असेल ते. ती काढलेली माती, जिला सगळे ‘ओबी’ म्हणतात, तिच्या टेकड्या आज चंद्रपूरच्या क्षितिजावर खऱ्या टेकड्यांपेक्षा ठळक दिसतात. इरई नदीच्या काठाने जाताना बाहेरगावच्या पाहुण्यांना त्या नैसर्गिक वाटतात, आणि दर वेळी त्यांचा गैरसमज दूर करावा की नाही, हे मला ठरवता येत नाही.

वसाहतीच्या मागच्या माळावर मेलेली जनावरे टाकत असत आणि तिथे गिधाडे उतरत. आम्हा मुलांना त्यांची भीती वाटे. पंखांचा तो जड फडफडाट, एकमेकांवर फिस्कारणे आणि वाऱ्याबरोबर येणारा तो वास मला अजून आठवतो. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेली गुरे खाऊन देशभरातली गिधाडे संपत आली, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर आमचा माळ रिकामा झाला होता. आज कोणी त्या माळाचे सर्वेक्षण केले आणि गिधाडांसमोर निरंक लिहिले तर ते शंभर टक्के खरे असेल. मला खटकते ते याच्या पुढचे. अहवालाच्या भाषेत आजची स्थिती म्हणजे ‘मूळ स्थिती’ असते. प्रकल्पाचा परिणाम तिच्यापासून मोजायचा. जे आधीच गेले त्याचा हिशेब कोणत्याच प्रकल्पाच्या खात्यावर येत नाही, आणि ते परत येऊ शकते ही शक्यताही कोणी धरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ताडोबातल्या बोटेझरीला आणली गेली. त्यांतली काही पुढे मेली, तरी प्रयत्न सोडलेला नाही. हे पक्षी दिवसाकाठी फार लांब हिंडतात. उद्या एखादे गिधाड उंच घिरट्या घालत खाणपट्ट्यावरून गेले, तर त्या पट्ट्याच्या जुन्या अहवालात त्याला जागा नसेल.

अशी यादी तयार कशी होते, हे बाहेरच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणीला पर्यावरण मंजुरी हवी असेल तर खाणपट्टा आणि त्याभोवतीचे दहा किलोमीटर एवढ्या भागाचा अभ्यास करावा लागतो. हवा, पाणी, आवाज आणि माती यांची मोजणी एका ऋतूची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची, आणि तीही पावसाळा सोडून. धूळ मोजायची असेल तर पावसाळा टाळण्यात शहाणपण आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे खोटे उतरतात. पण सगळे पथक एकाच वेळी येते आणि एकाच वेळी जाते, त्यामुळे जीवसृष्टीची नोंदही बहुतेक वेळा त्याच तीन महिन्यांत उरकली जाते. आता विदर्भातल्या कोरड्या रानात मार्च ते मे या काळात काय दिसेल? पळसाची फुले, गळालेला सागवान, पाण्याभोवती गोळा झालेली जनावरे. ज्यांना जगण्यासाठी पाऊस लागतो ते सगळे तेव्हा जमिनीखाली असतात किंवा गप्प असतात. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मातीतून वर येऊन ओरडणारे बेडूक मेमध्ये कोणालाही सापडणार नाहीत. सफेद मुसळी पावसात पाने काढते, फुलते आणि थंडी पडायच्या आत कंदात परतते. वैद्यांच्या मागणीमुळे ती रानातून विरळ झाली आहे, पण उन्हाळ्यात ती विरळ आहे की मुळीच नाही, हे सांगता येत नाही. पश्चिम विदर्भातला तणमोर तर पावसाळ्यातच गवताच्या वर उड्या मारतो, आणि त्या उड्यांमुळेच तो माणसाला दिसतो. एरवी तो पायाखालून उडाला तरच कळतो. तिकडे फासेपारधी समाजातले काही लोक, ज्यांचे आजोबा हाच पक्षी फाशात धरायचे, आता त्याच्या जागा राखतात. त्यांना तो सापडतो, कारण कुठे, केव्हा आणि किती वेळ उभे राहायचे हे त्यांना घरातूनच मिळालेले आहे.

खवले मांजराची गोष्ट आणखी अवघड आहे. ते रात्री एकटे हिंडते, वारुळे फोडते, दिवसभर बिळात मुटकुळे करून झोपते, आणि आवाज जवळजवळ करतच नाही. कॅमेरा ट्रॅप गुडघ्याच्या उंचीवर, वाटेच्या कडेला लावतात, कारण वाघ आणि बिबट्या वाटेने चालतात. खवले मांजराला वाटेचे काही देणेघेणे नसते. अशा कॅमेऱ्यात ते आले नाही, म्हणजे फारतर ते या वाटेवरून या आठवड्यात गेले नाही. शास्त्रात यावर उपाय आहे. एखादा प्राणी तिथे असताना आपल्या पद्धतीने तो सापडण्याची शक्यता किती, हे काढता येते आणि निष्कर्षाच्या शेजारी ते मांडता येते. त्यासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. व्याघ्रगणनेत हे केले जाते. खाणीच्या अहवालात माझ्या पाहण्यात तरी हा आकडा आलेला नाही. तिथे प्राणी ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच असते, आणि सारांशात येईपर्यंत ‘आढळला नाही’चे ‘नाही’ होते.

या बाबतीत एक प्रसिद्ध आणि हसू आणणारे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात परिसरातल्या पक्ष्यांचे अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगले नोंदवलेली निघाली होती. रशियातल्या एका खाणीच्या अहवालातला मजकूर तसाच्या तसा उचलला गेला होता. कोकणातल्या करवंदीच्या जाळ्यांमध्ये बर्च शोधत फिरणारा पक्षी डोळ्यांसमोर आणून मी वर्गात मुलांना पुष्कळ हसवले आहे. पण अलीकडे मला वाटू लागले आहे की अशा उघड्या चोरीपेक्षा प्रामाणिकपणे केलेले अपुरे काम पकडणे जास्त कठीण असते. बर्चचे झाड कोणालाही खटकते. न दिसलेला हूम कोणाला खटकणार?

आणि मग वाघ.

वाघाने हा सगळा हिशेब दुसऱ्या बाजूने उलटा केला आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, एकट्या ताडोबा-अंधारी प्रकल्पात ९७. २०१८ मध्ये राज्याचा आकडा ३१२ होता. ताडोबाच्या बाहेर, चंद्रपूर शहराला खेटून, दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी या खाणींच्या परिसरात वाघ राहतात. तिकडे सास्तीकडे आणि माजरीकडेही ते दिसतात. जुन्या ओबीच्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजलेली आहे, तिच्यात माणूस शिरत नाही, खाली खड्ड्यांत बारमाही पाणी आहे, रानडुकरे भरपूर आहेत. मी एका ढिगाऱ्याच्या कडेने चालत असताना ओल्या कोळशाच्या भुग्यात वाघाचा ताजा पगमार्क पाहिला आहे: काळ्यावर काळा, पण कडा इतक्या स्वच्छ की चारही बोटे मोजता यावीत. वर डंपर गियर बदलत होते, दुपारच्या ब्लास्टिंगचा भोंगा झाला होता, आणि स्फोटानंतर पायाखालची जमीन क्षणभर सरकल्यासारखी झाली. पाखरे गप्प झाली आणि थोड्याच वेळात कोतवाल पक्ष्याने पुन्हा ओरडायला सुरुवात केली. सोबतचा वनरक्षक म्हणाला, “मॅडम, याची सवय त्यांना आपल्या आधी लागली.” मी हसले, पण तेवढी खात्री मला नव्हती आणि आजही नाही. २०२२ मध्ये औष्णिक वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली. कामावरून घरी निघालेला कामगार गेला, वस्तीतला मुलगा गेला. त्या वसाहती माझ्या वसाहतीसारख्याच आहेत. तिथल्या आईने संध्याकाळी मुलाला अंगणात सोडावे की नाही, हा प्रश्न कोणत्याच प्रजातीच्या यादीत बसत नाही. खाणीच्या अहवालात वाघ ‘आढळला’ असे आले की एका बाजूचे लोक म्हणतात, पाहा, खाण असूनही वाघ आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, पाहा, वाघ आहे आणि तुम्ही खाण काढता. ढिगाऱ्यावर वाघ आहे याचा अर्थ त्याला चांगली जागा मिळाली, की चांगली जागा उरली नाही म्हणून तो इथे आला, हे पगमार्कवरून कळत नाही. त्यासाठी पिल्ले किती जगली, तरुण वाघ कुठे गेले, रस्त्यावर आणि रेल्वेखाली किती मेले, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते, आणि अहवालाला तितकी वर्षे नसतात.

दहा किलोमीटरच्या वर्तुळाचेही तसेच. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे ज्याचा माग लागला, शेतांमधून, नाल्यांमधून, महामार्ग ओलांडून १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेत किती प्रकल्पांची वर्तुळे आली असतील, आणि त्यांतल्या किती अहवालांत तो असेल? एका रात्रीत वर्तुळ ओलांडून गेलेला प्राणी रकान्यासाठी नसल्यातच जमा होतो. पण त्याच्या दृष्टीने तोच पट्टा महत्त्वाचा असतो, कारण तो बंद झाला तर पुढच्या जंगलाकडे जायला वाट नाही.

कायद्याची यादी आणि जगाची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अहवालात त्यांची सरमिसळ होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत रानकुत्रा आणि खवले मांजर ‘संकटग्रस्त’ आहेत, अस्वल, बिबट्या, सांबर, गवा आणि चौसिंगा त्याच्या खालच्या पायरीवर आहेत, तर मोराला काहीही धोका नाही. वन्यजीव कायद्यात मोर पहिल्यापासून अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे, आणि अनुसूची एकमधला प्राणी सापडला तर खाणवाल्याला त्याच्यासाठी संरक्षण आराखडा तयार करून वनविभागाकडून मान्य करून घ्यावा लागतो. त्यामुळे कोणत्याही खाणीच्या आराखड्यात मोर अगदी ठसठशीत असतो: मोरासाठी पाणवठा, मोरासाठी फळझाडे, मोरासाठी जनजागृतीचे फलक. १९७२ च्या या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या, आणि पहिल्या अनुसूचीत मुंगूस, नाग, घोणस, धामण असे पुष्कळ ओळखीचे प्राणी आले. चांगलेच झाले, असे मला वाटले होते. आता कोणत्याही शेतात अनुसूची एक निघतेच, कारण धामण नाही असे शेत विदर्भात कुठे आहे? पण सगळेच पहिल्या रांगेत बसले की आराखडे एकाच साच्यातून निघू लागतात. नावे बदलतात, पाणवठे आणि फलक तेच राहतात. धामणीला फलकाचा काय उपयोग, हे विचारायला कोणी थांबत नाही.

माळढोक या सगळ्यात कुठेच नीट बसत नाही. तो जंगलाचा पक्षी नाही. त्याला उघडे माळ, पडीक, ज्वारी-हरभऱ्याची शेते लागतात. मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुतेक वेळा एकच अंडे घालते. वरोरा-भद्रावतीकडच्या शेतशिवारात त्याच्या नोंदी गेल्या दशकातल्याही आहेत, पण एवढा मोठा, मीटरभर उंच पक्षी असूनही तो ज्या जमिनीवर उभा राहतो ती कागदावर फक्त शेतजमीन असते. जंगल नाही, म्हणून वनखात्याची परवानगी लागत नाही. वनखात्याचा माणूस नाही, म्हणून नोंद नाही. अभ्यासाच्या वेळी पथक जंगलाच्या तुकड्याकडे वळते, कारण प्राणी तिथे असणार असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. आणि या पक्ष्याला मारणारी मुख्य गोष्ट खाणीचा खड्डा नाहीच. त्याची नजर बाजूंना चांगली, समोर कमजोर. शरीर जड, त्यामुळे उडताना समोर आलेली तार दिसली तरी वळता येत नाही. देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेल्या या पक्ष्यांसाठी उच्चदाब वाहिन्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये तिथे आदेशही झाला, जो २०२४ मध्ये बदलला गेला. आमच्याकडे कोळसा निघतो, त्यावर वीज होते, ती वीज तारांवरून जाते. पण खाणीचा अहवाल वेगळा, वीज केंद्राचा वेगळा, कोळसा धुण्याच्या वॉशरीचा वेगळा, आणि तारांना तर २००६ च्या अधिसूचनेत पर्यावरण मंजुरीच लागत नाही. खाणीचा अहवाल लिहिणारा म्हणतो, तारा माझ्या प्रकल्पात नाहीत. तो खोटे बोलत नाही.

अडवले गेलेले प्रकल्पही या जिल्ह्यात आहेत, हे सांगायला हवे, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. ताडोबाला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या खाणीविरुद्ध २००९ मध्ये चंद्रपुरात लोक रस्त्यावर उतरले, इको-प्रो या संस्थेच्या बंडू धोतरे यांनी उपोषण केले, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत केंद्राने तो प्रकल्प नाकारला. चिमूरजवळचा बंदर कोळसा पट्टा वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेत येतो म्हणून राज्याने विरोध केला आणि २०२० मध्ये तो लिलावाच्या यादीतून निघाला. त्या दोन्ही वेळी मला आनंद झाला होता आणि वडिलांना फारसा झाला नव्हता. “पोरांना कामं कुठून मिळणार?” एवढेच ते म्हणाले होते, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. पण या दोन्ही ठिकाणी वाघ होता, ताडोबाचे नाव होते. ज्वारीच्या वावरातल्या हूमासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये हसदेव अरण्याच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये खाणीची वनमंजुरी बाजूला ठेवताना नेमके हेच विचारले होते की तिथे कोणती जीवसृष्टी आहे आणि तिच्यात संकटग्रस्त काय आहे. उत्तर यायला २०२१ उजाडले. भारतीय वन्यजीव संस्थेने तेव्हा सांगितले की सुरू झालेली खाण सोडून बाकीचे अरण्य खाणीसाठी वर्ज्य ठरवावे. त्यानंतरही पुढच्या खाणीच्या मंजुऱ्या झाल्या आणि झाडे पडली. तेव्हा चांगला अभ्यास झाला की सगळे ठीक होते, असा भाबडेपणा माझ्यात उरलेला नाही. तरी मला तो अभ्यास हवा असतो. काय घालवायचे ते ठरवणाऱ्यांनी निदान त्याचे नाव वाचून मग सही करावी, एवढे तरी.

अलीकडे मी असे काम घेते तेव्हा एक अट घालते. यादीच्या शेवटी एक परिशिष्ट जोडायचे आणि त्यात न शोधलेल्याची नोंद करायची: कोणत्या महिन्यांत गेलो नाही, रात्री कुठे थांबलो नाही, शेतांत किती वेळ दिला, कोणत्या गावांत कोणाला विचारले आणि कुठे कोणालाच विचारले नाही. कोणत्या प्राण्याबद्दल आमचे ‘आढळला नाही’ भरवशाचे आहे आणि कोणत्या प्राण्याबद्दल त्याला काही किंमत नाही, हेही लिहायचे. विहित नमुन्यात याला रकाना नाही. एका सल्लागार कंपनीने हे परिशिष्ट गाळून टाकले आणि पुढच्या कामाला मला बोलावले नाही. दुसऱ्या ठिकाणी ते राहिले, बहुधा कोणी तितक्या पानांपर्यंत वाचलेच नाही म्हणून. सहकारी म्हणतात, तू स्वतःच्याच अहवालाला भोके पाडतेस. मला मात्र असे वाटते की भोके तिथे आधीपासून होती, आता ती मोजता येतात.

त्या दुसऱ्या ठिकाणच्या जनसुनावणीला मी मागच्या खुर्चीत बसले होते. मंडपात गर्दी होती, बहुतेक प्रश्न जमिनीच्या मोबदल्याचे आणि नोकरीचे होते, ते तसेच असणार आणि असायलाही हवेत. विहिरी आटण्याबद्दल दोघे बोलले. मग महिला सरपंच उठल्या. त्यांच्या हातात परिशिष्टाची झेरॉक्स होती, काही ओळींखाली निळ्या पेनाच्या रेघा होत्या. हे परिशिष्ट कोणी लिहिले हे त्यांना माहीत नव्हते, आणि मीही सांगायला गेले नाही. त्यांनी एक ओळ मोठ्याने वाचली, की जून ते सप्टेंबर या काळात सर्वेक्षण झालेले नाही, आणि पीठासीन अधिकाऱ्यांना विचारले, “मग साहेब, पावसाळ्यात परत येनार का तुमी? आमी दाखवतो ना काय काय निंघते ते. आमच्या गुराख्याले सोबत घ्या.” व्यासपीठावर थोडी कुजबुज झाली. कंपनीच्या प्रतिनिधीने माइक हातात घेतला, सल्लागाराकडे पाहिले, आणि अभ्यास विहित कार्यपद्धतीनुसार पूर्ण झालेला आहे असे सांगितले. सरपंच बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माझा प्रश्न तो नव्हता, मी येणार का म्हणून विचारले. प्रश्न पुन्हा तोच, उत्तर पुन्हा तेच. पुढे सुनावणीचे इतिवृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा मी ते मुद्दाम काढून पाहिले. सरपंचांच्या नावापुढे त्यांचा प्रश्न पूर्ण छापला आहे, गुराख्यासकट, आणि उत्तराच्या रकान्यात लिहिले आहे: ‘सूचनेची नोंद घेण्यात आली.’ मी त्यांचा फोन नंबर मिळवला आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की गुराख्याला सोबत घेऊन जायचे, असे आमचे ठरले आहे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही, फक्त रात्री मुक्कामाची सोय करावी लागेल, आणि ती शाळेच्या वर्गखोलीत होईल असे त्या म्हणतात.